उत्प्रेरक म्हणजे फक्त वेग नाही! पाण्याच्या बाटलीमागचे दोन 'निवडक' उत्प्रेरक

आज नवा फोन नाही, नवं ॲपही नाही. आज तुमच्या टेबलावरची पाण्याची बाटली हातात घ्या आणि उलटी करून बघा. बुडाशी एक छोटा त्रिकोण दिसेल आणि त्यात १ हा आकडा. म्हणजे ही बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची आहे. तुमच्या पॉलिस्टरच्या टी-शर्टचा धागासुद्धा याच पदार्थाचा असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. केमिस्ट्रीशी माझा संबंध इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षीच संपला होता. तो परत जुळला तो मामामुळे. मामा कोकणातल्या एका एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्ट ऑपरेटर आहे. ज्या खाडीत तो लहानपणी मासे गरवायला जायचा, तिथे आता तो गळ टाकत नाही. मागच्या मे महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं, "मामा, खाडीत सेन्सर लावायचे, डेटा क्लाउडवर टाकायचा, पाणी खराब झालं की सगळ्यांच्या फोनवर अलर्ट!"

मामा हसला. म्हणाला, "अरे, तुझा सेन्सर घाण झाल्यावर सांगणार. ती होते कुठे ते आधी बघ ना. रिॲक्टरमध्ये आम्हाला हवं तेवढंच झालं असतं, तर ईटीपीला एवढं काम उरलं असतं का?"

ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा. मामाचं वाक्य डोक्यात बसलं. "हवं तेवढंच" घडवून आणायचं कसं? हे शोधताना मी पोहोचलो उत्प्रेरकांपाशी.

दहावीत अर्धंच सांगितलं होतं

उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः खर्च होत नाही, हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. बरोबरच आहे ते. पण कारखान्यात नुसता वेग हवा असेल तर तापमान वाढवूनही तो मिळतो. अडचण अशी की, तापमान वाढवलं की हव्या असलेल्या अभिक्रियेबरोबर नको असलेल्या अभिक्रियाही पळायला लागतात.

चांगल्या उत्प्रेरकाचं खरं काम आहे निवड. कच्च्या मालासमोर पाच वाटा असतील तर त्यातली एकच वाट सोपी करून द्यायची. जेवढा कच्चा माल वापरला गेला, त्यातला किती टक्के हव्या त्या पदार्थात गेला, याला निवडक्षमता म्हणतात. उरलेला जातो तो उप-उत्पादन म्हणून, धूर म्हणून किंवा सांडपाण्यात.

आता फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडा. समजा एखादं औषध पाच टप्प्यांत बनतं आणि प्रत्येक टप्प्यात ९० टक्के माल कामी येतो. ऐकायला छान वाटतं ना? ०.९ ला पाच वेळा गुणा. उत्तर ०.५९. म्हणजे ४१ टक्के माल वाया! प्रत्येक टप्पा ७० टक्क्यांचा असेल तर शेवटी हातात १७ टक्केच उरतात. आणि प्रत्येक टप्पा ९८ टक्क्यांवर नेला तर ९० टक्के.

रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये याचा हिशोब मांडला. एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो, हा त्याचा 'ई-फॅक्टर'. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या साध्या रसायनांसाठी तो साधारण १ ते ५ किंवा त्याहून कमी, पण औषधांसाठी २५ ते १०० आणि त्याच्याही वर होता. छोट्याशा गोळीमागे तिच्या कितीतरी पट कचरा!

आणि उत्प्रेरक घनच का हवा?

अनेक जुन्या पद्धतींत उत्प्रेरक म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइड किंवा कडक आम्लं वापरायचे. उदाहरणार्थ, थर्माकोल बनतो स्टायरीनपासून आणि स्टायरीन बनतं इथाइलबेंझिनपासून. हे इथाइलबेंझिन वर्षानुवर्षं ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून बनवलं गेलं. काम व्हायचं, पण शेवटी उत्प्रेरक मालातच मिसळलेला. तो काढायला पाण्याने धुवायचं, मग ते आम्लयुक्त पाणी निवळायचं, मग राहिलेला गाळ कुठेतरी टाकायचा.

घन उत्प्रेरक मात्र नळीत जागच्या जागी बसून राहतो. एका टोकाने वायू किंवा द्रव आत, दुसऱ्या टोकाने माल बाहेर. धुणं नाही, गाळ नाही, आणि तोच उत्प्रेरक वर्षानुवर्षं चालतो. १९८० पासून इथाइलबेंझिनसाठीही घन उत्प्रेरकाची पद्धत कारखान्यात आली. त्या उत्प्रेरकाचं नाव झेडएसएम-५. आपल्या बाटलीच्या गोष्टीतही हाच हिरो आहे.

पहिला उत्प्रेरक: बिळं असलेला दगड

पीईटी दोन पदार्थांपासून बनतं. त्यातला एक टेरेफ्थॅलिक आम्ल, आणि ते बनतं पॅरा-झायलीनपासून.

झायलीनचा रेणू म्हणजे सहा कार्बनचं एक कडं आणि त्याला चिकटलेले दोन छोटे 'हात'. दोन हात शेजारी असतील तर ऑर्थो, मध्ये एक जागा सोडून असतील तर मेटा, आणि अगदी समोरासमोर असतील तर पॅरा. पीईटीसाठी पॅराच लागतो, कारण त्यापासूनच सरळ लांब साखळी बनते. पण निसर्गाला सोडून दिलं, तर तयार होणाऱ्या मिश्रणात पॅरा जेमतेम २४ टक्के असतो. निम्म्याहून जास्त असतो मेटा. शिवाय तिघांचे उत्कलनबिंदू इतके जवळ आहेत की नुसतं उकळून पॅरा वेगळा काढणं व्यवहारात जमत नाही.

इथे येतो झिओलाइट. सह्याद्रीत ट्रेक केला असेल तर काळ्या कातळाच्या पोकळीत पांढरे किंवा गुलाबी चमकदार स्फटिक तुम्ही पाहिले असतील. त्यातले बरेच झिओलाइट असतात. पुणे, नाशिक, जळगाव भागातले असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे पोहोचलेत, आणि सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते बघायलाही मिळतात. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉन्स्टेड यांनी असा दगड तापवला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून नाव पडलं 'उकळणारा दगड', ग्रीकमध्ये झिओलाइट. फसफसण्याचं कारण म्हणजे या दगडात रेणूंच्या मापाची बिळं असतात आणि त्यात पाणी भरलेलं असतं.

झेडएसएम-५ हा प्रयोगशाळेत बनवलेला झिओलाइट. मोबिल कंपनीच्या आर्गॉअर आणि लँडोल्ट यांचं त्याचं पेटंट १९७२ चं. याची बिळं साधारण ०.५५ नॅनोमीटर रुंद, म्हणजे आपल्या केसापेक्षा लाखभर पट बारीक. गंमत अशी की, पॅरा-झायलीन यातून कसाबसा पण पटकन सरकतो, तर जाडे ऑर्थो आणि मेटा जवळजवळ अडकतातच. लोकलच्या दारातून छत्री उभी धरलेला माणूस झटकन उतरतो आणि आडवी धरलेला सगळ्यांच्या शिव्या खातो, अगदी तसंच.

पण अडकलेल्यांचं काय होतं? आत आम्लाच्या जागा असतात. तिथे मेटाचे हात जागा बदलत राहतात. फिरता फिरता तो कधीतरी पॅरा होतो आणि लगेच बाहेर निसटतो. म्हणजे ही नुसती चाळणी नाही. नको असलेल्याला हवा तसा होईपर्यंत आतच ठेवणारी खोली आहे ही!

डिझाइन कुठे केलं जातं?

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. इथे ठरवता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत.

१. बिळाचं माप: झिओलाइट बनवताना त्या मिश्रणात एक सेंद्रिय रेणू घालतात. त्याच्याभोवती स्फटिक वाढतो. नंतर तो रेणू जाळून टाकतात आणि त्याची जागा मोकळी राहते. मोदकाच्या साच्यासारखंच, फक्त इथे साचा आतून असतो.

२. आम्लाच्या जागा किती: सिलिकॉनच्या जागी जिथे ॲल्युमिनियम बसतं, तिथे आम्लाची जागा तयार होते. ॲल्युमिनियम किती घालायचं यावर त्यांची संख्या ठरते.

३. बाहेरचा पृष्ठभाग: हा मला आपल्या कामासारखा वाटला. आतून शुद्ध पॅरा बाहेर आला, पण स्फटिकाच्या बाहेरच्या बाजूलाही आम्लाच्या जागा असतात! तिथे पॅरा परत मेटा होतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून बाहेरून सिलिकाचा पातळ लेप देतात किंवा मुद्दाम कार्बनचा थर बसवतात. समोरच्या दाराला कुलूप लावलं पण मागची खिडकी उघडीच राहिली, असा बग आम्ही रोज शोधतो. हा तसाच बग!

असे बदल केलेल्या झेडएसएम-५ वर टोल्युइन सोडलं, तर तयार होणाऱ्या झायलीनमध्ये पॅराचं प्रमाण २४ वरून ८०–९० टक्क्यांच्या घरात जातं.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. बिळांची तोंडं अरुंद केली की कामाचा वेग कमी होतो. म्हणून एका फेरीत सगळं टोल्युइन संपवत नाहीत. साधारण ३० टक्के वापरतात आणि उरलेलं परत फिरवतात. शिवाय हळूहळू बिळांमध्ये काजळी साचते. ती हवेत जाळून काढली की उत्प्रेरक परत कामाला लागतो.

या गोष्टीत पुण्याचाही हात आहे बरं का! पाषाण रोडवरच्या एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या गटाने 'एनसिलाइट' नावाचे झिओलाइट उत्प्रेरक तयार केले. पॅरा काढून घेतल्यावर उरलेल्या झायलीनमधून पुन्हा पॅरा मिळवायचं काम १९८० च्या दशकात बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात या उत्प्रेरकावर सुरू झालं. तोवर असे उत्प्रेरक परदेशातूनच आणावे लागायचे.

दुसरा उत्प्रेरक: चांदी

पीईटीचा दुसरा घटक म्हणजे इथिलीन ग्लायकोल. तो बनतो इथिलीन ऑक्साइडपासून. इथिलीनला ऑक्सिजनचा एक अणू जोडायचा, एवढंच काम. पण इथिलीन म्हणजे इंधनच. ऑक्सिजन दिला की त्याला सरळ जळायचं असतं, आणि मग मिळतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

१९३१ मध्ये फ्रान्सच्या लफोर यांनी दाखवलं की चांदीवर ही अभिक्रिया मध्येच थांबवता येते. सगळ्या धातूंमध्ये चांदीच इथे इतकी खास ठरली, आणि आजही कारखान्यांत तीच वापरतात. ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर चांदीचे बारीक कण बसवतात. त्यात किंचित सीझियम घालतात, काही प्रकारांत ऱ्हेनियमही. शिवाय आत येणाऱ्या वायूत क्लोरीनयुक्त पदार्थ दहा लाखांत काही भाग, एवढाच सोडतात. क्लोरीनमुळे चांदीचा वेग कमी होतो, पण इथिलीन पूर्ण जळून जाणं त्याहून जास्त कमी होतं.

बरीच वर्षं एक समजूत होती की इथे निवडक्षमता ६/७ च्या, म्हणजे ८५.७ टक्क्यांच्या पुढे जाऊच शकत नाही. अभिक्रिया कशी घडते याच्या एका सिद्धांतावरून ते गणित निघत होतं. नंतर सुधारलेल्या उत्प्रेरकांनी ती भिंत ओलांडली आणि ९० टक्क्यांच्या आसपास मजल मारली. सिद्धांतच चुकीचा होता. एकेक टक्का वाढला की तेवढं इथिलीन धूर होण्यापासून वाचतं. आणि हे कारखाने वर्षाला लाखो टन माल काढतात!

मग खाडी स्वच्छ होईल का?

एकट्या उत्प्रेरकाने नाही. बाटली कितीही स्वच्छ पद्धतीने बनवली तरी आपण ती रस्त्यावर टाकली तर कचराच. शिवाय मोठी रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांनी ही वाट कधीच धरली, पण औषधं आणि रंगांच्या छोट्या कारखान्यांत ते अवघड आहे. तिथे दर काही महिन्यांनी वेगळा माल बनतो, आणि त्यांचे मोठे रेणू झेडएसएम-५ च्या बिळात शिरतच नाहीत. तिथे नव्या आकाराचे उत्प्रेरक लागतील. आणि इथे आमच्यासारख्यांनाही काम आहे. झिओलाइटच्या २०० हून अधिक रचना माहीत आहेत, पण कॉम्प्युटरवर शक्य दिसणाऱ्या रचना लाखोंच्या घरात जातात. त्यातली कुठली बनवून बघायची, हे शोधायला कोड लिहावाच लागतो.

परवा मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आमच्या रेणूच्या मापाचं बीळ कुठल्या दगडात आहे, ते तुझ्या कॉम्प्युटरला सापडेल का?"

"शोधायला हवं," मी म्हणालो.

"शोध मग. सेन्सरचं नंतर बघू."