पूर्ण एक मिनिट

तान्ह्याला सर्दी झाली की उज्जैनच्या मराठी घरातही आधी तव्यावर ओवा पडतो. आजींनी पुरचुंडी बांधली होती, कापूर घातलेलं तेलही कोमट करून ठेवलं होतं. आशा दीदी 42व्या दिवसाच्या भेटीला आली. हात धुऊन तिनं बाळाचं झबलं वर केलं. "माँजी, एक मिनट," एवढंच म्हणाली.

घड्याळाकडे बघत ती पोटाची उठबस मोजू लागली. तान्ही मुलं भराभर श्वास घेतात आणि मध्येच क्षणभर थांबतात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर आकडा फसवा निघतो. बाळ रडलं, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त भरले तर परत मोजायचं आणि तरीही तेवढेच आले तर दवाखाना. इथे 52 भरले. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात नव्हती.

मग काखेत थर्मामीटर. 98.8. 99.5 किंवा वर असता तर घरी पॅरासिटामॉल पाजत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. मोठ्यांची 'जराशी कणकण' या वयात जराशी नसते.

गृहभेटींची ही पद्धत गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'नं त्याचे निष्कर्ष छापले. 2011 पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या हे काम करतात.

उपचार म्हणाल तर किरकोळ. तान्हं बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं, नाक चोंदलं की दूध सुटतं. म्हणून पाजण्याआधी सलाईनचे थेंब, आणि थोडं थोडं पण वारंवार अंगावरचं दूध. कापराचं तेल तिनं उचलायला लावलं. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ओव्याची पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, म्हणाली.

"सिरप?" सुनेनं विचारलं. याच राज्यात, छिंदवाड्यात, 2025 मध्ये 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचं सिरप पिऊन मुलं दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. दोन वर्षांखाली खोकल्याचं औषध नको, असं केंद्रानंही त्यानंतर बजावलं. दीदीनं नुसती मान हलवली.

दूध ओढेनासं झालं, बाळ मलूल पडलं किंवा अंग गार लागलं तर सकाळची वाट बघू नका, 108 लावा, असं सांगून तिनं सुनेला मोजायला बसवलं. सुनेचे 49 आले. आजींना ते पटेना; त्या चष्मा शोधायला उठल्या.