हिंबरह आले, वाचणार कोण?

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील एका गावात गेल्या वर्षी आम्ही काही कामानिमित्त गेलो होतो. ज्यांच्या घरी चहाला बसलो, त्यांचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. वय पन्नाशीच्या आसपास, शेत भावाकडे, स्वतः उंबऱ्यात बसून दोर वळण्याचे काम करतात. बोलता बोलता त्यांच्या आईने देवाच्या फोटोमागून घडी घातलेला एक कागद काढला आणि आमच्या हातात दिला. ''पेन्शन मंजूर झाल्याचा कागद आलाय. पैसे तेवढे अजून आले नाहीत. बघा की जरा,'' त्या म्हणाल्या.

आमच्यापैकी एकाला कन्नड वाचता येते. त्याने कागद वाचला आणि तो गप्पच झाला. तो मंजुरीचा कागद नव्हता, नामंजुरीचा होता. येऊन चार महिने झाले होते. चार महिने माउलीने त्याला रोज उदबत्ती ओवाळली होती.

अर्ज का फेटाळला? दाखल्यावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव जुळत नाही, एवढेच कारण होते. मनुष्य अपंग नाही किंवा गरीब नाही, असे कोणीही म्हटलेले नव्हते. अक्षरांचा घोळ होता. तो पंधरा दिवसांत निस्तरता आला असता. पण कागदात काय लिहिले आहे हे कळायलाच चार महिने गेले आणि अपिलाची मुदत त्याआधीच संपली.

तिरस्कार नव्हे, नकार

सीमाभागातील घराघरात असे कागद पडून आहेत, म्हणून आज हा विषय घेतला आहे. तहसील कचेरीतून येणाऱ्या अशा लेखी उत्तराला कन्नडमध्ये 'हिंबरह' म्हणतात. त्यात 'अर्जी' हा शब्द असतो, तो आपल्याला कळतो. 'कारण' हा शब्दही कळतो. पुढे 'तिरस्करिसलागिदे' असे लिहिलेले असते. कोणी मोठ्याने वाचून दाखवले की मराठी माणसाला त्यात 'तिरस्कार' ऐकू येतो आणि तो मनातून खचतो. कन्नड कचेरीच्या भाषेत त्याचा अर्थ 'फेटाळण्यात आला आहे' एवढाच आहे. आणखी एक शब्द लक्षात ठेवावा, 'मेल्मनवी'. मेल्मनवी म्हणजे अपील. पेन्शनला तिकडे 'मासाशन' म्हणतात. हे पाच-सहा शब्द ज्याच्या कानाला ओळखीचे झाले, त्याचा कागद फोटोमागे जाणार नाही.

नावाचा घोळ होतो कसा?

ज्ञानेश्वर हे नाव घ्या. आपण 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' असा करतो, म्हणून इंग्रजीत ते 'डी'ने सुरू होते. कन्नड माणूस तेच अक्षर वेगळे उच्चारतो, म्हणून त्याच्या हातून ते 'जे' किंवा 'जी'ने सुरू होते. संगणकाला ही दोन माणसे वाटतात. आपण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहितो. कर्नाटकात आद्याक्षरे लावण्याची पद्धत आहे. सुनांची अडचण त्याहून मोठी. माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजचे, सासर खानापूर किंवा निपाणीचे. अपंगत्वाचा दाखला माहेरच्या नावाने आणि रेशनकार्ड सासरच्या नावाने.

अशा सुनांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 58 व्या कलमानुसार अपंगत्वाचा दाखला संपूर्ण देशात चालतो. 'हा महाराष्ट्राचा दाखला, इथे चालत नाही' असे कोणी म्हटले तर ते खरे नव्हे. मात्र पेन्शन राहत्या राज्यातूनच मिळते, त्यामुळे यूडीआयडी कार्डावरील नाव व पत्ता बदलून घ्यावा लागतो. उलट, सीमेपलीकडच्या संजय गांधी निराधार योजनेकडे बघून थांबू नये. त्या योजनेला महाराष्ट्रातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

दोन नकार, दोन वाटा

नकार दोन ठिकाणी मिळू शकतो. त्यांची गल्लत करू नये.

पहिला नकार दवाखान्यात. कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असले तरच बहुतेक सवलती मिळतात. वैद्यकीय मंडळाने दाखलाच नाकारला किंवा टक्केवारी कमी लावली, तर त्याच कायद्याच्या 59 व्या कलमाखाली अपील करता येते. दाखला नाकारताना कारणे लेखी देणे बंधनकारक आहे. 'तोंडी सांगितले' यावर उठून येऊ नये, कागद मागावा.

इथेही भाषा आडवी येते. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक कन्नड प्रश्न विचारून मोजला, तर आकडा मुलाचा येईल की भाषेचा? तपासणीला जाताना दोन्ही भाषा जाणणारे माणूस बरोबर न्यावे. तपासणी कोणत्या भाषेत झाली, हे अपिलात स्पष्ट लिहावे.

दुसरा नकार कचेरीत. पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत द्यायचा असतो. त्यासोबत यूडीआयडी कार्ड, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि पासबुकाची प्रत लागते. तलाठी व सर्कल चौकशी करतात आणि तहसीलदार निर्णय देतात. अर्ज दिला की 'सकाल'ची पावती मागून घ्यावी. 2011 च्या सेवा हमी कायद्याखालील ही पावती आहे आणि तिच्यावर क्रमांक असतो. अर्ज फेटाळला किंवा ठरलेल्या मुदतीत काहीच कळले नाही, तर 30 दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. कामाला उशीर झाल्यास दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाईची तरतूदही या कायद्यात आहे. रक्कम लहान असली तरी ती मागितली की फाईल हलते.

अपील फार मोठे लिहू नये. अर्जाचा क्रमांक, हिंबरहाची तारीख, त्यात दिलेले कारण आणि त्या कारणाला आपले उत्तर, एवढे पुरे. नावाचा घोळ असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. आपल्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये.

मराठीत अर्ज चालतो का?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. राज्यघटनेचे 350 वे कलम सांगते की, तक्रारीच्या निवारणासाठी कोणत्याही नागरिकाला केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. म्हणजे मराठीत लिहिलेले गाऱ्हाणे 'भाषा चालत नाही' म्हणून परत करता येत नाही. मात्र उत्तर मराठीतच द्यावे, असे हे कलम म्हणत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी 1956 मध्ये केंद्राने जे निवेदन काढले, त्यात 15 ते 20 टक्के अल्पसंख्याक असलेल्या भागात सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही असाव्यात, असा विचार मांडलेला आहे. तो कागदावरच राहिला, हे सीमाभागाला वेगळे सांगायला नको.

माहितीच्या अधिकाराची गोष्ट मात्र निराळी आहे. 2005 च्या त्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. कन्नड येत नसेल तर हिंदीत लिहावा, लिपी आपलीच आहे. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. आपल्या फाईलवरील शेऱ्यांची प्रत मागितली की नकाराचे खरे कारण समजते. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास माहिती अधिकाऱ्याने साहाय्य करावे, असेही कायदा सांगतो.

भांडण आणि भाकरी

आमचे कन्नड भाषेशी वैर नाही. सक्तीशी भांडण आहे आणि ते चालूच राहील. सीमाभागात मराठीतून कागद मिळावेत, ही मागणी आम्ही सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत पांगळ्या माणसाचे तीस दिवस थांबत नाहीत. म्हणून आमचे सांगणे आहे की मूळ अपील मराठीत द्या आणि सोबत त्याचा कन्नड तर्जुमा जोडा. हक्क बजावला जातो आणि कामही अडत नाही.

गावागावांत आता कन्नड वाचणारी पोरे आहेत, शाळेत शिकलेली आहेत. तरुण मंडळांनी महिन्यातून एक संध्याकाळ देवळात किंवा शाळेत बसून गावाचे कागद वाचून द्यावेत. ग्रामपंचायतीत अपंगांसाठी नेमलेला गाव पुनर्वसन कार्यकर्ता असतो, लोक त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. त्यालाही बोलवावे, हे त्याचेच काम आहे.

त्या घरातील गृहस्थांनी पुढे नाव दुरुस्त करून नव्याने अर्ज केला आणि पेन्शन सुरू झाली. 40 ते 75 टक्के अपंगत्वाची रक्कम 2021 मध्ये 600 वरून 800 रुपये झाली होती, त्या हिशेबाने त्यांचे अकरा महिन्यांचे 8,800 रुपये बुडाले. दोर वळून तेवढे मिळवायला त्यांना किती दिवस लागतात, ते आम्ही विचारले नाही.

आज घरी गेल्यावर देवाच्या फोटोमागे एकदा हात घालून बघा. घडी घातलेला कागद सापडला तर उद्या सकाळीच तो वाचून घ्या.