फ्लॉरेन्सला वाढदिवसाचा वीकेंड? मग कोल्हापूरच्या छत्रपतींची छत्री चुकवू नका!

कोल्हापूर : युरोपात नोकरी-शिक्षणासाठी असलेली मुले वाढदिवसाला दोन दिवसांची सुट्टी काढून इटलीतील फ्लॉरेन्स गाठतात. जगप्रसिद्ध घुमटासमोर सेल्फी, उफिझीतील चित्रे, आईस्क्रीम आणि परत. पण याच शहरात आर्नो नदीकाठी कोल्हापूरच्या एका छत्रपतींचे स्मारक आहे. ते कोणाचे आणि तिथे कसे? जाणून घेऊया.

हे राजाराम महाराज कोण?
ताराराणींचे पती राजाराम महाराज वेगळे. हे करवीर संस्थानचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). जन्म 13 एप्रिल 1850, गादीवर आले 1866 मध्ये. 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले. या प्रवासात त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी 1872 मध्ये प्रसिद्ध झाली.

फ्लॉरेन्समध्ये काय घडले?
मायदेशी परतताना महाराज आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. 21 वा वाढदिवस अवघ्या साडेचार महिन्यांवर होता. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. उघड्यावर दहन करण्याची तिथे प्रथा नव्हती, त्यामुळे खास परवानगी घ्यावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. प्रयाग चिखलीचा संगम ठाऊक असलेल्या कोल्हापूरकरांना ही जागा का निवडली, हे वेगळे सांगायला नको.

स्मारक कसे आहे?
1874 मध्ये संगमाजवळ छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचे वास्तुरचनाकारही तेच. छत्रीखालचा महाराजांचा अर्धपुतळा शिल्पकार चार्ल्स फुलर यांनी घडवला. स्थानिक लोक या जागेला ‘इंडियानो’, म्हणजे ‘भारतीय’, म्हणतात. 1970 च्या दशकात शेजारी बांधलेल्या पुलालाही तेच नाव मिळाले. ‘भारतीय’ सगळ्यांच्या तोंडी राहिला, राजाराम हे नाव मात्र मागे पडले.

कसे जायचे?
स्मारक कॅशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला, मुख्य रेल्वे स्थानकापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. उद्यान मोठे असल्याने सायकल सोयीची. तिकीट नाही. रोमहून वेगवान रेल्वेने फ्लॉरेन्सला साधारण दीड तास लागतो.

व्हिसाचे काय?
भारतीय पासपोर्टवर शेंजेन व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिसा इथे चालत नाही, त्यामुळे लंडनहून निघणाऱ्यांनी आधी नियोजन करावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमाही आवश्यक आहे.

वीकेंडच्या यादीत तासाभराची जागा ठेवा. विशीतल्या या छत्रपतींना भेटायला गावाकडचे माणूस तिथे क्वचितच पोहोचते.