विश्लेषण : स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक थांबवणे धोक्याचे का? पेशीतील संप्रेरकांचा कारखाना कसा चालतो?

दमा, संधिवात किंवा त्वचाविकारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात आणि काही दिवसांतच आराम पडतो. पुढे काही महिन्यांत चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो, वजन आणि रक्तातील साखर वाढते. घाबरून रुग्ण परस्पर गोळ्या बंद करतो. हा निर्णय जिवावर बेतू शकतो. त्याचे कारण शरीरातील दोन छोट्या ग्रंथींच्या पेशींत दडलेले आहे.

शरीर स्वतः स्टेरॉइड बनवते?

होय. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. तिथे कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार होते. रक्तदाब आणि साखर टिकवणे, ताप, जखम, शस्त्रक्रिया यांचा ताण पेलणे ही त्याची कामे. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन हीदेखील स्टेरॉइड संप्रेरकेच. या सर्वांचा कच्चा माल एकच, तो म्हणजे कोलेस्टेरॉल.

कच्चा माल कुठून येतो?

पेशीत आंतर्द्रव्यजालिका नावाचे नलिकांचे जाळे असते. त्याच्या खडबडीत भागावर रायबोसोम असतात आणि तिथे प्रथिने बनतात. गुळगुळीत भागात मेदपदार्थ तयार होतात. कोलेस्टेरॉलची निर्मितीही याच जाळ्यात होते. स्टॅटिन गटातील औषधे इथल्याच एका विकराला रोखतात. अधिवृक्क ग्रंथीच्या पेशी रक्तातूनही कोलेस्टेरॉल घेतात आणि ते थेंबांच्या रूपात साठवतात.

मायटोकाँड्रियाचा संबंध काय?

पेशीचे ऊर्जाकेंद्र ही मायटोकाँड्रियाची शाळेत शिकवली जाणारी ओळख. प्रत्यक्षात स्टेरॉइडनिर्मितीची पहिली पायरी इथेच घडते. ‘स्टार’ नावाचे प्रथिन कोलेस्टेरॉलला मायटोकाँड्रियाच्या बाहेरील पटलावरून आतील पटलाकडे नेते. तिथे त्याची बाजूची साखळी कापली जाते आणि प्रेग्नेनोलोन बनते. ते पुन्हा गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिकेत जाते. तिथे त्यात आणखी बदल होतात. अखेरच्या पायरीसाठी रेणू परत मायटोकाँड्रियात येतो आणि कॉर्टिसॉल तयार होते.

मग गोळ्यांनी काय बिघडते?

इन्सुलिनसारखी संप्रेरके पेशीत साठवून ठेवता येतात. स्टेरॉइड मात्र मेदात विरघळणारे असल्याने पेशीच्या पटलातून सहज बाहेर पडते. त्यामुळे तयार मालाचे गोदाम नसते. मागणी आली की उत्पादन करावे लागते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ‘एसीटीएच’ या संप्रेरकाद्वारे ही मागणी नोंदवते.

प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची गोळी साधारण २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या तोडीची असते. बाहेरून एवढा पुरवठा होऊ लागला, की एसीटीएच घटते. असे अनेक आठवडे चालले, तर कॉर्टिसॉल बनवणारा थर आक्रसतो. अशा वेळी गोळी एकदम थांबवली, तर बाहेरचा पुरवठा संपतो आणि आतला कारखानाही बंदच असतो. प्रचंड थकवा, उलट्या, रक्तदाब आणि साखर घसरणे, शुद्ध हरपणे अशी लक्षणे दिसू शकतात. ही तातडीची स्थिती असून हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाईन वेळेत मिळावे लागते.

रुग्णांनी काय करावे?

थोड्या दिवसांच्या उपचारात हा धोका सहसा कमी असतो. मात्र तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ गोळ्या घेतल्या असतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. ग्रंथी पूर्ववत होण्यास काही महिनेही लागू शकतात. त्या काळात मोठे आजारपण आले किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर ‘मी स्टेरॉइड घेत होतो’ किंवा ‘घेत होते’ हे डॉक्टरांना आधी सांगावे. कोणत्या गोळ्या होत्या हे आठवत नसेल, तर जुनी चिठ्ठी सोबत न्यावी.