कृत्रिम गोडी, रक्तशर्करा आणि वजन
सुक्रालोज हा कृत्रिम गोडी देणारा पदार्थ साखरेपेक्षा सुमारे 600 पट गोड असल्याने त्याची अत्यल्प मात्रा चहाला पुरते आणि तेवढ्याने रक्तातील ग्लुकोज लगेच वाढत नाही. मात्र ‘शुगर-फ्री’ पेढ्यातही खव्याची दुग्धशर्करा, स्निग्धांश आणि उष्मांक, म्हणजे अन्नातून मिळणारी ऊर्जा, शिल्लकच राहतात, हे वेष्टनावरील मोठ्या अक्षरांवरून ध्यानात येत नाही. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या 2022 च्या प्रयोगात, दोन आठवडे सॅकरीन (असाच आणखी एक पदार्थ) किंवा सुक्रालोज घेतलेल्या निरोगी व्यक्तींच्या गटांत ग्लुकोज-सहनशीलता, म्हणजे वाढलेली रक्तशर्करा पूर्वपदावर आणण्याची शरीराची क्षमता, घटलेली दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन-नियंत्रणासाठी साखरेऐवजी गोडी देणारे असे पदार्थ वापरू नयेत अशी सशर्त शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही.