ईव्ही घेताय? हिशेब दहा वर्षांचा मांडा

एका युनिटला साधारण ६-७ किमी. घरी युनिट १२ रुपयांना पडलं तरी किमीमागे खर्च दोन रुपयांच्या आत. १५ च्या मायलेजला पेट्रोलचे जवळपास सात! फास्ट चार्जरवर मात्र ही बचत आटते. सोसायटीत स्वतःचं चार्जिंग नसेल, तर माझ्या मते थांबाच. इंजिन ऑइल, क्लचची कटकट नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना रीजनमुळे (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग) ब्रेक पॅडही वाचतात. टायर लवकर झिजतात, गाडी जड ना! पर्यावरणाचं कारण अर्धंच खरं, आपली वीज बरीचशी कोळशाची. मी फिदा आहे पिकअपवर. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी असते. त्यातलं क्षमतेचं कलम नीट वाचा. आणि हो, अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी!