म्हणींच्या मुलखात – ७ : सणाचं कर्ज की साऱ्याचं?

मागच्या भागात 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या म्हणीची बाजू घेतली होती. आज तिच्याच घराण्यातली 'ऋण काढून सण' घेऊ. हिचा रोख जरा तिखट आहे. माणूस बुडतो तो हौसेपायी, असं ती सरळ म्हणते. शेतकऱ्याला तर हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं आहे.

हा आरोप तपासून पाहायची वेळ एकदा आली होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात भर बाजारात सावकारांच्या दुकानांवर लोक तुटून पडले. पाहता पाहता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हे लोण पोचलं. लोकांना हवी होती खतं आणि कर्जरोखे. ते मुकाट्यानं हाती दिले तर जाळून टाकायचे, आणि सावकाराला सहसा हात लावायचा नाही. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला.

रयत लग्नकार्यात उधळते म्हणून कर्जबाजारी होते, हे उत्तर तेव्हा सगळ्यांच्या ओठावर होतं. आयोगाचा निष्कर्ष वेगळा निघाला. लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे, असं त्यानं नोंदवलं. पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी, सरकारी सारा भरण्यासाठी पुन्हा पुन्हा काढलेली लहान लहान कर्जंच एखाद्या लग्नापेक्षा जास्त फुगत होती. 'थेंबे थेंबे तळे साचे' हे आपण मुलांना मातीचा गल्ला देताना सांगतो. कर्जाचं तळंही तसंच साचतं.

आणि काळही वाईट होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, पत वाढली, सावकार हात सैल सोडून देऊ लागला. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच फेरमोजणी होऊन साऱ्याचे आकडे चढले. यात सण कुठे आला? १८७९च्या कायद्यानं कोर्टाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासायची मुभा दिली, ती उगाच नाही.

म्हणून ही म्हण कोण कोणाला सांगतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. भावानं भावाला सांगितली तर तो सल्ला. आवळा देऊन कोहळा काढणाऱ्यानं सांगितली तर तो निव्वळ आगाऊपणा.

गावाकडे काटकसरीची खरी सोय दोस्तीतच होती. इर्जिकीला शेजारपाजारचे लोक आपापले बैल-नांगर घेऊन एकाच्या रानात उतरतात, तो त्यांना जेवू घालतो. सावडीत आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. पैसा हातातून जात नाही, म्हणून काढावाही लागत नाही. 'असतील शिते तर जमतील भुते' असं मैत्रीला टोचणारे पुष्कळ आहेत. पण इर्जिकीच्या पंगतीला बसलेल्यानं दिवसभर नांगर धरलेला असतो.

पुढच्या आठवड्यात 'गरज सरो, वैद्य मरो'. इर्जिकीबद्दल किंवा सावडीबद्दल तुमच्या भागात काही म्हण असेल, तर गावाच्या नावासह जरूर कळवा.